धंद्याचा साधा दिवस



दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांच्या घराला एकाएकीं महत्त्व येतें. एरवीं ज्यांना आमची आठवण होत नाहीं असे गृहस्थ मुलाला पुढें घालून येतात, चहा होतो, गुणपत्रिका टेबलावरून माझ्याकडे सरकते आणि मग तो ठराविक प्रश्न येतो, "गुरुजी, याला कशांत घालावा ?" हा 'घालावा' शब्द माझ्या कानांना नेहमींच खटकतो. लोणचें बरणींत घालावें, पोतें गाडींत घालावें, तसा मुलगा कशांत तरी घालावयाचा ! मुलगा मात्र या सर्व वेळीं खालीं मान घालून सतरंजीचे धागे मोजीत असतो. तुला काय व्हावयाचें आहे असें विचारलें, तर तो "इंजिनिअर" म्हणतो. इंजिनिअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो असें विचारलें, तर तो वडिलांकडे पाहतो. वडील माझ्याकडे पाहतात. आणि खरें सांगावयाचें, तर मलाहि तें नीटसें ठाऊक नसतें.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय या तिघांचें हें अज्ञान हाच आहे. आपल्याला कोणता व्यवसाय मानवेल, याचा विचार करतांना आपण मुलाच्या बुद्धीची, गुणांची, फार तर आवडीची चौकशी करतों. पण ज्या कामांत त्याचीं पुढचीं चाळीस वर्षें जावयाचीं, त्या कामाची चौकशी कोणी करीत नाहीं. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, एवढेंच माझें शिक्षण. मानसशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु सल्ला देऊन फसलेला मनुष्य म्हणून बोलण्याचा अधिकार मला आहे, आणि त्या अधिकारानेंच आज मी येथें बोलत आहें.

ती गोष्ट आधीं सांगतों. १९८५ च्या सुमारास मी साताऱ्यास शिकवीत होतों. आमच्या शाळेंतील एका मुलाच्या वडिलांचें पुस्तकबांधणीचें लहानसें दुकान होतें. खळ, पुठ्ठा, जुजबंदीचा दोरा यांतच तें कुटुंब राबत असे. मुलगा वक्तृत्वांत असा तयार, कीं तालुक्यांतील कोणतीहि स्पर्धा असो, ढाल आमच्या शाळेच्या कपाटांत यावयाचीच. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध, प्रतिपक्षाचें बोलणें संपतें न संपतें तोंच त्यांतील दुबळी जागा धरण्याची विलक्षण हातोटी. आम्हीं सर्वांनीं ठरवून टाकलें कीं, हा वकील होणार. त्याच्या वडिलांचें मन होत नव्हतें. ते म्हणाले, "गुरुजी, दुकान बरें चाललें आहे, कॉलेजच्या लायब्ररीचें काम मिळतें, पोराचा हातहि स्वच्छ आहे." त्यावर मीं त्यांना काय सांगितलें तें मला आजहि शब्दशः आठवतें. मीं म्हटलें, "असा मुलगा खळ ढवळण्यांत फुकट घालवूं नका."

मास्तरांच्या शब्दाला त्या काळीं वजन होतें. मुलगा शिकावयास बाहेरगांवीं गेला, पदवी झाली, कायद्याची परीक्षा झाली, सनद मिळाली. एवढ्या खर्चापायीं वडिलांचें दुकान विकलें गेलें. पुढें बऱ्याच वर्षांनीं तो मला एस्. टी. च्या स्टँडवर भेटला. मीं मोठ्या उत्साहानें "काय वकीलसाहेब" म्हणून हांक मारली. तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, वकिली सोडून चार वर्षें झालीं. एका खाजगी कचेरींत हिशेब लिहितों." मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "तुम्हीं माझें बोलणें ऐकून मला वकील हो म्हणालांत. पण कोर्टांत माझ्या वांट्याला महिन्यांतून दहा मिनिटें बोलणें येई. बाकी सारें वाचणें, मसुदे लिहिणें, तारखा घेणें आणि व्हरांड्यांत वाट पाहणें. त्याचा मला इतका तिटकारा आला, कीं कागदांची गांठ सोडतांना हात थरथरत." तो माझ्यावर रागावलेला नव्हता. माझी गाडी लागेपर्यंत त्यानें माझी पिशवी धरली. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

गाडींत बसल्यावर मी विचार करूं लागलों कीं, आपली चूक झाली कोठें ? मुलाचा गुण मीं खोटा सांगितला नव्हता. तो खरोखरच उत्तम बोलत असे. चूक झाली ती वकिलीच्या बाबतींत. मला ठाऊक असलेली वकिली नाटकासिनेमांतली. तेथें वकील उठून उभा राहतो आणि टाळ्या पडतात. खऱ्या वकिलाचा मंगळवार कसा जातो, हें मीं कोणा वकिलाला कधीं विचारलेंच नव्हतें. साताऱ्यांत वकील थोडे का होते ? पण मला ती जरूरीच भासली नाहीं.

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९०८ सालीं फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थानें तरुणांना व्यवसाय निवडण्यास साह्य करणारी एक कचेरी उघडली. व्यवसाय-मार्गदर्शनाचें शास्त्र म्हणून जें पुढें वाढलें, त्याचा आरंभ सामान्यतः या कचेरीपासून धरतात. गंमत अशी, कीं हा पार्सन्स स्वतः इंजिनिअर झाला, रेल्वेच्या कामावर राबला, मास्तरकी केली, वकील झाला आणि कायद्याचा अध्यापकहि झाला. इतकीं घरें फिरलेल्या माणसालाच घर निवडण्याचें महत्त्व पटलें असल्यास नवल नाहीं. कचेरी उघडली त्याच वर्षीं तो वारला. त्याचें पुस्तक १९०९ मध्यें मागाहून निघालें. त्यांत त्यानें तीन गोष्टी सांगितल्या आहेत. मनुष्यानें स्वतःला नीट ओळखावें, ही पहिली. ज्या धंद्यांत जावयाचें त्याला काय लागतें, त्यांत लाभ कोणते व अडचणी कोणत्या, हें जाणून घ्यावें, ही दुसरी. आणि या दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं याचा सरळ बुद्धीनें विचार करावा, ही तिसरी. शंभराहून अधिक वर्षें झालीं. आपली सारी गाडी अजून पहिल्याच गोष्टीपाशीं अडली आहे. आपल्या महाराष्ट्रांत २०१६ सालीं दहावीच्या मुलांची सरसकट कल-चाचणी घेण्यांत आली व ती पुढें कांहीं वर्षें चालली. अशा चाचण्यांना मी नांवें ठेवणार नाहीं. त्यांचा उपयोग आहे. पण तो स्वतःला ओळखण्यापुरता. मुलाच्या हातीं 'वाणिज्य' किंवा 'तांत्रिक' असा एक शब्द लिहिलेला कागद येतो. त्या शब्दाच्या पाठीमागें जें काम उभें आहे, तें त्याला कोणी दाखवावयाचें ?

प्रत्येक धंद्याला एक सणाचा दिवस असतो आणि बाकीचे साधे दिवस. बाहेरच्या माणसाला दिसतो तो सणाचा. शल्यवैद्यानें मरणाच्या दारांतून रोगी परत आणलेला आपण ऐकतों. त्याआधीं कित्येक वर्षें त्यानें रात्रपाळ्या करून ड्रेसिंगें बदललेलीं आपल्याला दिसत नाहींत. घराचा आराखडा काढणाऱ्याचें सुंदर चित्र आपण पाहतों. नगरपालिकेच्या मंजुरीसाठीं तोच नकाशा पांचव्यांदा दुरुस्त करतांना तो आपल्याला दिसत नाहीं. संगणकावर काम करणारे माझे जुने विद्यार्थी सांगतात कीं, आपला अर्धा दिवस दुसऱ्या कोणीं तरी लिहिलेली सूचना कोठें अडली तें शोधण्यांत जातो. त्यांतला एक जण हें सांगतांना कंटाळलेला दिसला आणि दुसऱ्याचे डोळे चमकत होते. काम एकच, कदाचित् पगारहि एकच. मला वाटतें, धंदा मानवणें म्हणजे काय, तें त्या दोघांच्या डोळ्यांत होतें. सणाचा दिवस सर्वांनाच आवडतो. ज्याला त्या धंद्याचा साधा दिवस सोसतो, किंबहुना ज्याला त्या साध्या दिवसांतच गोडी वाटते, तो त्या धंद्याचा.

थोरांचीं चरित्रें आपण मुलांना वाचावयास देतों तीं बहुतेक सणाच्या दिवसांचीं. मला त्यांतले साधे दिवस धुंडाळण्याची खोड आहे. डॉ. सालिम अलींचेंच पाहा. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ति जगभर झाली. मुंबईंत १८९६ सालीं जन्मलेल्या या मुलाला पक्ष्यांची ओढ लहानपणापासून होती. परंतु ओढीवर पोट भरत नाहीं. तारुण्यांत ते ब्रह्मदेशांत नातेवाइकांच्या खाणीच्या धंद्यांत गेले. तेथें त्यांचें लक्ष रानांतील पांखरांकडेच अधिक. परत येऊन व्यापारी शिक्षण घेतलें. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यांत जागा मिळाली नाहीं. (माझ्यासारख्या मॅट्रिकला हें वाक्य उच्चारतांना थोडें समाधान होतें, तें श्रोत्यांनीं क्षम्य मानावें.) मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याचें काम १९२६ मध्यें मिळालें, पुढें जर्मनींत जाऊन बर्लिनला शिक्षण घेतलें, आणि १९३० मध्यें परत येऊन पाहतात तों नोकरी नाहीं!

मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. तेथें आडोशाला बसून त्यांनीं रोज तासन्‌तास एकच गोष्ट केली : पाहिलें आणि टिपून ठेवलें. नर घरटें अर्धें विणतो. माद्या येऊन तें तपासतात. एखादीला पसंत पडलें तर ती त्यांत राहते आणि नर तें पुरें करतो. आणि तिनें अंडीं घातलीं कीं हा पठ्ठ्या दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसरीची वाट पाहूं लागतो. एवढें कळावयास किती उन्हें सोसावीं लागलीं असतील याची कल्पना करा. तो निबंध १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला आणि जाणत्या मंडळींत त्यांचें नांव झालें. बेकारींत, पावसाळी दमट हवेंत, एका झाडाकडे सबंध दिवस पाहत बसणें हा ज्याला तुरुंग वाटला नाहीं, तो पक्षिशास्त्रज्ञ. पांखरें आवडतात असें म्हणणारे आपण सगळे नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट निराळी, आणि आईबापांनीं विशेष ऐकावी अशी आहे. बेळगांवकडच्या गुर्लहोसूरचा हा मुलगा, जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावयाचें म्हणून मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आला. आवड खरी, हात चांगला. आणि मग उमगलें कीं, आपल्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीट कळतच नाहीं. चित्रकाराला याहून वाईट तें काय घडावयाचें ? आज एखाद्या घरांत असें झालें तर मुलाचें वर्ष फुकट गेलें म्हणून सुतक धरतील. पण चित्रांतून रंग वजा केला तर उरतें काय ? रेषा उरते, माप उरतें, प्रमाण उरतें. लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या विक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. पुढें नोकरी सोडून बेळगांवीं भावाबरोबर सायकलींचा धंदा, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तर तयार झाला; पण लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत ! पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. चरित्रकार या दोन वर्षांना दोन ओळी देतात आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील उजाड माळावर किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली तिकडे धांव घेतात. मला त्या दोन वर्षांतला एखादा मंगळवार पाहावयास मिळाला असता तर फार आवडलें असतें. गिऱ्हाईक नाहीं, माल पडून आहे, आणि हा मनुष्य फाळ आणखी कसा सुधारेल या विचारांत आहे. रंगांचा डोळा नसणें हें त्यांच्या आवडीवरचें संकट होतें. पण मापाच्या आणि घडणीच्या कामांत रमण्याचा जो स्वभाव, त्याला त्या संकटानें धक्का लागला नाहीं. आवड आणि स्वभाव या दोन वस्तु आहेत, हें आम्ही मास्तर लोक फार उशिरां शिकतों.

दादासाहेब फाळक्यांचेंहि तसेंच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला तेव्हां त्यांना त्रेचाळीस वर्षें पुरीं झालीं होतीं. तोंवर चित्रकला झाली, छायाचित्रण झालें, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी झाली, छापखाना झाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं 'याचें एका ठिकाणीं बूड टेकत नाहीं' असें म्हटलेंच असेल. पण चित्रपट काढण्यापूर्वीं या गृहस्थानें कुंडींत वाटाणा पेरला, त्याच्यापुढें कॅमेरा लावून ठेवला आणि कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंत रोज नेमानें त्याचें थोडथोडें चित्रण केलें. पडद्यावर तो वेल क्षणांत वाढला तेव्हां पाहणारे थक्क झाले. मी त्या क्षणाचा विचार करीत नाहीं. मी रोज सकाळीं त्या कुंडीपाशीं जाणाऱ्या माणसाचा विचार करतों.

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, हीं मोठीं माणसें. आम्हांला महिनाअखेरची चिंता. आक्षेप खरा आहे. ज्याला उद्यांपासून मिळवावयाचें आहे त्यानें मिळेल तें काम धरावें, त्याला मी हें भाषण ऐकविणार नाहीं. मी स्वतः मास्तर झालों तो मुलांवरील प्रेमानें नव्हे. वडील वारले होते, दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर पगार सुरू होत असे, इतकेंच कारण. वर्गांतला गोंगाट मला पहिल्या दिवशींहि आवडला नाहीं आणि शेवटच्या दिवशींहि नाहीं. पण शिक्षकांच्या खोलींत सर्वांची एक तक्रार असे, ती वह्या तपासण्याची. पन्नास वह्या आणि त्यांत तीच ती चूक पन्नास वेळां ! मला त्या कामाचा कधीं कंटाळा आला नाहीं. अपूर्णांकांची बेरीज करतांना हा मुलगा छेदांचीहि बेरीज कां करतो, त्याच्या डोक्यांत नेमकें काय चाललें असेल, याचा शोध घेतां घेतां रात्रीचे अकरा वाजत. सहा-सात वर्षें झाल्यावर एका रात्रीं माझ्या ध्यानांत आलें कीं, आपण या धंद्यांत अपघातानें आलों असलों, तरी चुकून आलेलों नाहीं. तेव्हां ज्याला निवड करतां आली नाहीं, त्यानेंहि आपल्या कामाचा कोणता भाग आपल्याला जड जात नाहीं याकडे लक्ष ठेवावें. त्या भागाचा माग काढीत माणसें पुष्कळदां त्याच धंद्यांत आपली जागा शोधून काढतात.

ज्यांना निवड करावयास सवड आहे अशा घरांतून मात्र एवढें तरी व्हावें. मुलाला ज्या धंद्यांत जावयाचें आहे त्यांतल्या कोणा माणसाकडे त्याला न्यावें. वडिलांनीं बाहेर बसावें. आणि मुलानें त्याला पगार विचारूं नये, 'गेल्या मंगळवारीं आपण सकाळपासून काय काय केलेंत' असें विचारावें. धंद्यांत नांव मिळविलेल्या माणसाकडे जाऊं नये. तो आपले सणाचे दिवस सांगत बसतो. पांच-सात वर्षें झालेला, अजून धडपडणारा मनुष्य गांठावा. सुटींत चार दिवस त्या जागीं नुसतें बसावयास मिळालें तर त्याहून चांगलें. लाखों रुपये शिकवणीच्या वर्गांवर खर्च करण्यास तयार असलेले पालक या चार दिवसांना 'वेळेचा अपव्यय' म्हणतात, याचें मला मोठें आश्चर्य वाटतें. मुलींच्या बाबतींत तर चौकशी याहूनहि तोकडी. ती संध्याकाळीं घरीं किती वाजतां येईल, एवढा एकच प्रश्न अजून कित्येक सुशिक्षित घरांतून विचारला जातो. तिला तें काम मानवेल कीं नाहीं हें तिच्या सासरच्यांनीं पुढें पाहावयाचें असतें कीं काय, देव जाणे!

आमच्या शेजारची एक मुलगी गेल्या उन्हाळ्यांत माझ्याकडे आली होती. दहावी झालेली. कुत्र्यांवर फार जीव, म्हणून पशुवैद्य व्हावयाचें म्हणाली. आई नाराज, वडील गप्प. मीं कोणतेंच मत दिलें नाहीं. माझें मत देण्याचें वय एस्. टी. स्टँडवर संपलें. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारून तिला जवळच्या गांवीं गुरांच्या दवाखान्यांत तीन दिवस बसावयास पाठविलें. पहिल्या दिवशीं एकहि कुत्रा आला नाहीं. तिनें नोंदवही लिहिली, लसींच्या बाटल्या मोजल्या. दुसऱ्या दिवशीं एक म्हैस आली, तिची वार अडकली होती. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आंत, आणि ही बादलींत पाणी घेऊन उभी. घरीं आली तेव्हां अंगाला असा वास, कीं आईनें तिला अंगणांतूनच परस्पर न्हाणीघरांत धाडलें. तिसऱ्या दिवशीं दिवसभर पाऊस, जनावर एकहि नाहीं. संध्याकाळीं ती माझ्याकडे आली. मीं विचारलें, "काय, कसें वाटलें ?" तिनें त्याचें उत्तर दिलें नाहीं. म्हणाली, "आजोबा, त्या म्हशीला ताप आहे कां तें पाहावयास डॉक्टर उद्यां तिच्या गोठ्यावर जाणार आहेत. मला चौथ्या दिवशीं जाऊं देतील कां, तें तुम्ही विचारून पाहाल ?"